महाद्वारापासून सभामंडपापर्यंतचा उजेड

(जीर्णोद्धाराच्या विद्युत कामाची माहिती देण्यासाठी मंदिराच्या सभामंडपात भरलेल्या ग्रामस्थांच्या बैठकीत केलेले भाषण. समितीच्या सूचनेवरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



शिखराचे काम, गाभाऱ्यातील फरशी, सभामंडपाचे खांब यांविषयी माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी या स्मरणिकेत लिहिणार आहेत. माझ्याकडे समितीने विजेच्या कामाचे दप्तर सोपविले होते. मी विद्युत शास्त्राचा पदवीधर नव्हे. एस. एस. सी. होऊन तालुका कचेरीत लिपिकाची नोकरी करणारा मी माणूस. परंतु कागद नीट वाचावा, न समजले तर विचारावे आणि जे ठरले ते लिहून ठेवावे, एवढी सवय नोकरीने लावली आहे. त्या सवयीच्या आधाराने, परवानाधारक वायरमनजवळ बसून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे साध्या भाषेत मांडतो. गावाच्या पैशाने झालेले काम गावाला समजले पाहिजे, असे मला वाटते.

आपल्या मंदिराचे जुने लोखंडी फाटक ढकलायला दोन माणसे लागत. पहाटे काकड आरतीला पुजारी एकटे येत, तेव्हा त्यांची फार ओढाताण होई. फाटक उघडे ठेवावे तर रात्री मोकाट जनावरे आत शिरत. म्हणून जीर्णोद्धारात रुळावर सरकणारे आणि मोटारीने चालणारे नवे फाटक बसविले. त्याला लागूनच पायी येणाऱ्यांसाठी दिंडी दरवाजा ठेवला. फाटकापासून सभामंडपाच्या पायरीपर्यंत आतला रस्ता सत्तर मीटरचा आहे. त्याच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीचे, उजेड खाली पाडणारे नऊ वॅटचे बारा एल. ई. डी. दिवे लावले. उंच खांबावरचा दिवा डोळ्यांवर येतो आणि माणसाची स्वतःचीच सावली पायांपुढे पडते. खालचा दिवा मात्र वाट दाखवितो. आपल्या भागात घोणस आणि मण्यार ही जनावरे रात्रीचीच हिंडतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मेंदीचे कुंपण आहे. तेव्हा पायाखालचे दिसणे ही शोभेची बाब नव्हे, हे सांगायला नको.

आता प्रश्न आला की हे दिवे लावायचे कोणी आणि मालवायचे कोणी? रात्रभर चालू ठेवले तर बारा दिव्यांचे एकशे आठ वॅट, बारा तासांचा जवळजवळ एक पूर्णांक तीन दशांश युनिट, आणि वर्षाचे सुमारे ४७३ युनिट होतात. बटणावर सोपविले तर एखादे दिवशी लावायचे राहते आणि एखादे दिवशी मालवायचे राहते. म्हणून फाटक उघडले की दिवे आपोआप लागावेत आणि थोड्या वेळाने आपोआप मालवावेत, अशी सूचना पुढे आली. फाटकाच्या मोटारीला जो कंट्रोल बोर्ड असतो, त्यावर दिव्यासाठी वेगळी जागा दिलेली असते. तारा तेथे जोडल्या की काम झाले, असे बहुतेकांचे मत पडले.

त्याच बैठकीत मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "भाऊसाहेब, मोटारवाल्यांचं झालं. आम्ही चालत येतो, आमचा दिवा कोणी लावायचा?"

मंडळी, या एका प्रश्नाने सर्व आराखडा बदलला. कारण फाटकाच्या बोर्डाला फक्त फाटक कळते. गाडी आली, रिमोट दाबला, मोटार फिरली, एवढेच त्याला ठाऊक. दिंडी दरवाजातून कोण आले आणि कोण गेले, याची त्याच्याकडे नोंदच नसते. म्हणजे जो गाडीत बसून येतो आणि ज्याच्या गाडीला स्वतःचे दोन दिवे आहेत, त्याच्यासाठी बारा दिवे लागणार. आणि जो काठी टेकीत अनवाणी येतो, त्याच्यासाठी अंधार. देवाच्या दारी हा न्याय शोभला नसता. बोर्डावर दिव्याची जागा आहे हे खरे, पण तेवढ्यावर विसंबून भागणार नाही, हे त्या दिवशी सर्वांना पटले. पुढे जे काम झाले ते असे.

पहिली गोष्ट म्हणजे बोर्डाने काय करायचे आणि काय करायचे नाही. दिव्याच्या जागी काही बोर्ड स्वतःच २३० व्होल्टचा प्रवाह देतात, तर काही बोर्ड नुसता कोरा संपर्क देतात. कोरा संपर्क म्हणजे दोन टोके. फाटक हलू लागले की ती एकमेकांना जोडली जातात. त्यांत बोर्डाची स्वतःची वीज नसते. आपला बोर्ड दुसऱ्या प्रकारचा आहे. कोणता प्रकार आहे हे माहितीपत्रक वाचून आणि मीटर लावून पाहिल्याशिवाय कोणीही तार जोडू नये. पहिल्या प्रकारच्या बोर्डाला दुसऱ्या प्रकारचा समजून बाहेरून वीज आणून जोडली, तर बोर्ड तत्काळ जळतो.

कोरा संपर्क असला तरी बारा दिव्यांचा भार त्याच्यावरून नेला नाही. येथे कोणी म्हणेल की एकशे आठ वॅटला प्रवाह तो किती? अर्ध्या अँपिअरच्या आसपास. हिशेब बरोबर आहे. पण तो दिवे लागून स्थिर झाल्यानंतरचा हिशेब आहे. प्रत्येक एल. ई. डी. दिव्याच्या आत कपॅसिटर असतो. दिवा लावण्याच्या क्षणी तो रिकाम्या घागरीसारखा असतो आणि एकदम भरून घेतो. त्या क्षणाच्या अंशात बारा दिवे मिळून नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतात. बोर्डावरचा संपर्क नाजूक असतो. रोज पंचवीस-तीस वेळा असा झटका बसला की त्याची टोके एकमेकांना चिकटतात. मग दिवे दिवसाही जळत राहतात, आणि दुरुस्तीसाठी फाटकाचा सबंध बोर्ड काढावा लागतो.

आमच्या कचेरीतले उदाहरण देतो. साहेबांची चिठ्ठी शिपाई घेऊन जातो. धान्याची पोती तो वाहत नाही. पोती वाहायला हमाल असतात. बोर्डाचा संपर्क हा चिठ्ठी नेणारा शिपाई आहे. पोती उचलण्यासाठी वेगळा काँटॅक्टर बसविला. काँटॅक्टर म्हणजे जड संपर्काची पेटी. तिच्या गुंडाळीला थोडा प्रवाह मिळाला की ती आतला मोठा संपर्क जोडते आणि दिव्यांचा सर्व भार तेथून जातो. उद्या काँटॅक्टर झिजला तर तेवढाच बदलता येतो. फाटक बंद पडत नाही.

दुसरी गोष्ट इशाऱ्यांची. दिवे लावा, असे सांगण्याचा अधिकार आता तिघांना दिला आहे. पहिला फाटकाचा बोर्ड. दुसरा दिंडी दरवाजाच्या चौकटीत बसविलेला चुंबकाचा संपर्क. दार उघडले की चुंबक दूर जातो आणि हा संपर्क जुळतो. तिसरे सभामंडपाच्या पायरीजवळचे बटण. दर्शन घेऊन परत निघणाऱ्याला वाट पाहिजेच की! त्याने अंधारात फाटकापर्यंत चाचपडत का जावे? हे तिन्ही इशारे समांतर जोडलेले आहेत. म्हणजे तिघांपैकी कोणीही एकाने सांगितले तरी पुरते. पायी येणाऱ्याचा शब्द आणि गाडीवाल्याचा शब्द सारख्याच वजनाचा.

या इशाऱ्यांच्या तारांत २३० व्होल्ट नाहीत. त्यांच्यासाठी पेटीत वेगळा २४ व्होल्टचा पुरवठा बसविला आहे. पावसात ओल्या हाताने माणूस लोखंडी दार ढकलतो, पायांत पादत्राणे नसतात. तेथे घरगुती विजेचा दाब न्यायचाच नाही, असे आरंभीच ठरले. त्याच कारणाने २४ व्होल्टच्या तारा आणि दिव्यांच्या तारा वेगवेगळ्या नळ्यांतून नेल्या आहेत. एका नळीत दोन्ही घातल्या, आणि पुढे कधी उंदराने वा उन्हाने वेष्टन खराब झाले, तर मोठा दाब लहान तारेतून थेट दारापर्यंत पोहोचतो. दोन नळ्यांना खर्च थोडा जास्त आला. तो योग्य खर्च आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. फाटक सरकायला थोडे सेकंद लागतात. ते थांबताच दिवे मालवले तर उपयोग काय? म्हणून इशारा संपल्यानंतरही दिवे काही काळ चालू ठेवणारा टायमर लावला. वायरमनने विचारले, किती वेळ ठेवू? गाडीला सत्तर मीटर जायला अर्धे मिनिट पुरते. पण आम्ही गाडीचे माप धरले नाही. गावातल्या दोन-तीन वृद्ध मंडळींना सावकाश चालत यायला सांगून घड्याळ लावले. जवळजवळ तीन मिनिटे लागली. वाटेत दम खायला थांबणे, चप्पल काढणे, नातवाचा हात धरणे हे सर्व जमेस धरून टायमर पाच मिनिटांवर ठेवला आहे. सर्वांत सावकाश चालणारा पायरीवर पोहोचेपर्यंत उजेड राहिला पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व आहे. पुढे कोणी वीज वाचविण्याच्या उत्साहात तो दोन मिनिटांवर आणू नये, एवढी विनंती मी मुद्दाम करतो.

चौथी गोष्ट उजेड-अंधाराची. भर दुपारी फाटक उघडले तर दिवे लागू नयेत, म्हणून फोटोसेल बसविला आहे. तो आभाळाचा उजेड पाहतो आणि अंधार पडल्यावरच संमती देतो. टायमर व फोटोसेल एकापुढे एक, म्हणजे रांगेत जोडलेले आहेत. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय काँटॅक्टरकडे हुकूम जात नाही. फोटोसेल बसविण्याची जागा मात्र महत्त्वाची असते. ज्या दिव्याला तो सांभाळतो, त्याच दिव्याचा उजेड त्याच्यावर पडला, तर त्याला वाटते दिवस उगवला. तो दिवा मालवतो, पुन्हा अंधार दिसतो, पुन्हा लावतो आणि रात्रभर दिव्याची उघडझाप चालते. म्हणून तो ओवरीच्या छपरावर, दिव्यांकडे पाठ आणि आभाळाकडे तोंड करून बसविला आहे. त्यावर धूळ आणि कोळ्याची जाळी साचतात. सणावाराला झाडलोट करताना तेथेही एकदा फडके फिरवावे.

पाचवी गोष्ट, यंत्रापेक्षा माणूस मोठा. जत्रेच्या रात्री, पालखीच्या वेळी, कीर्तन सप्ताहात दिवे सतत हवेत. त्यासाठी पुजाऱ्यांच्या खोलीतल्या पेटीवर तीन जागांचे बटण आहे: चालू, बंद आणि आपोआप. मराठीत ठळक अक्षरांत तसे लिहिलेही आहे. एरवी ते 'आपोआप'वर असावे. वीज गेली तर फाटक हाताने उघडण्याची किल्ली पुजाऱ्यांकडे एक आणि समितीच्या चिटणिसांकडे एक, अशी ठेवली आहे. रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची गाडी दाराबाहेर खोळंबून राहता कामा नये. वाटेवर वीज नसतानाही अंधार पडू नये, म्हणून बॅटरीवर चालणारे दोन दिवे वेगळे आहेत. त्यांचा या जोडणीशी संबंध नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. मंडळी, उजेड दिसतो, सुरक्षितता दिसत नाही. म्हणून देणगी देणाऱ्याला दिव्यावर नाव हवेसे वाटते आणि जमिनीखालच्या कामाला कोणी पुढे येत नाही. समितीत यावर दोन बैठका झाल्या. बारा ऐवजी वीस दिवे लावावेत आणि खालचा खर्च कमी करावा, असाही विचार निघाला. शेवटी दिवे बाराच ठेवून उरलेली रक्कम खाली घालावी, असे एकमताने ठरले. तो निर्णय योग्य का, हे दोन आकड्यांत सांगतो.

आपल्या दिव्यांच्या वाटेवर सहा अँपिअरचा एम. सी. बी. आहे. पुष्कळांचा समज असा की तो आहे म्हणजे शॉक लागणार नाही. तो समज चुकीचा आहे. एम. सी. बी. तारांचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसाच्या शरीरातून जाणारा सहा अँपिअरच्या दोनशेव्या भागाएवढा, म्हणजे तीस मिलिअँपिअरचा प्रवाहही प्राणावर बेतू शकतो, आणि एम. सी. बी.ला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आर. सी. सी. बी. लागतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला की नाही, हा हिशेब तो सतत ठेवतो. जावक आणि आवक जुळली नाही, म्हणजे मध्येच कोठेतरी वीज जमिनीत वा माणसात जात आहे, हे ओळखून तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. आपल्या पेटीत तीस मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. बसविला आहे. त्यावर चाचणीचे छोटे बटण असते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते दाबून पाहायचे आणि वहीत सही करायची. ते दाबल्यावर वीज गेली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवायचे.

त्याच्या जोडीला अर्थिंग. फाटकाचे खांब, रूळ, मोटारीचे आवरण, दिव्यांचे लोखंडी खांब, सर्व काही हिरव्या तारेने जमिनीतल्या अर्थिंगशी जोडले आहे. काँटॅक्टर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घेतला आहे. नुसती न्यूट्रल तोडली तर दिवा मालवलेला दिसतो, पण त्याच्या आत वीज जिवंत असते. मालवलेला दिवा म्हणून हात लावणारा फसतो. अर्थिंगचे माप वर्षातून एकदा, मे महिन्यात घ्यावे. जमीन सर्वांत कोरडी तेव्हा असते. तेव्हा माप चांगले आले तर इतर महिन्यांची काळजी कमी.

दिव्यांची मुख्य तार जमिनीखालून नेली आहे. आय. एस. १२५५ या भारतीय मानकाप्रमाणे अशी केबल किमान पाऊण मीटर खोल असावी. आपण पोलादी कवचाची केबल त्या खोलीवर, खाली-वर वाळू घालून आणि वर विटा मांडून पुरली आहे. काही जणांना एवढे खणणे वाया वाटले. पण आपल्याकडे दरवर्षी जत्रेला याच आवारात मांडव पडतो आणि पहारीने खुंटे ठोकले जातात. वीतभर खोल पुरलेल्या केबलवर पहार बसली तर काय होईल, ते सांगण्याची गरज नाही. केबल कोठून गेली आहे, त्याचा मापासहित नकाशा तयार करून एक प्रत मंदिराच्या दप्तरी आणि एक पेटीच्या दाराच्या आत लावली आहे. जमिनीच्या मोजणीचा नकाशा आपण जसा जपतो, तसा तो जपावा.

सबंध काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेतले आणि चाचणीचा अहवाल लेखी घेतला. विद्युत अधिनियम २००३ आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०२३ ची सुरक्षा नियमावली यांचा रोख हाच आहे की असे काम जाणत्या, अधिकृत माणसाच्या देखरेखीखाली व्हावे. गावातला एखादा हुशार मुलगा फुकट करून देतो म्हणाला, तरी त्याच्या जिवाची जोखीम आपण घेऊ नये.

खर्चाचा हिशेब थोडक्यात सांगतो. तिन्हीसांजेपासून शेजारतीपर्यंत दिंडी दरवाजा उघडाच असतो, म्हणून त्या वेळात दिवे सलग चालू राहतात. ते सुमारे तीन तास. पुढे रात्री आणि पहाटे येणे-जाणे मिळून एक तास धरला, तर रोजचे चार तास होतात. वर्षाचे युनिट सुमारे १५८. रात्रभर जळणाऱ्या दिव्यांपेक्षा जवळजवळ ३१५ युनिटांची बचत. आणि पायी येणाऱ्या एकाही माणसाला अंधारात चालावे लागत नाही. बचत करताना कोणाचा उजेड काढून घेतलेला नाही, हे मला या आकड्यापेक्षा मोलाचे वाटते.

आता ग्रामस्थांना काही विनंत्या.

१. जत्रेत, लग्नात वा कोणत्याही कार्यात या दिव्यांच्या खांबावरून तार ओढू नये. मांडवासाठी स्वतंत्र पेटी व सॉकेट दिलेले आहेत. तेथूनच वीज घ्यावी.

२. आर. सी. सी. बी. वारंवार पडू लागला तर तो काढून सरळ जोडणी करू नये. तो त्रास देत नाही, धोक्याची वर्दी देतो. पावसाळ्यात एखाद्या दिव्यात पाणी शिरले असेल, तो शोधून दुरुस्त करावा.

३. खांबांना जनावरे बांधू नयेत, ओले कपडे वाळत घालू नयेत. लहान मुलांना दिव्याच्या झाकणाशी खेळू देऊ नये.

४. आवारात कोठेही खणण्यापूर्वी नकाशा पाहावा.

५. फाटक सरकताना मध्ये कोणी आले तर ते थांबावे, म्हणून दोन्ही खांबांवर किरणांचे डोळे आहेत. त्यांच्यापुढे हार, पताका वा तोरण लोंबकळू देऊ नये.

६. महिन्याच्या चाचणीची वही पुजाऱ्यांच्या खोलीत आहे. कोणाही ग्रामस्थाने ती मागून पाहावी. सही नसेल तर समितीला जाब विचारावा. तो आपला हक्क आहे.

बंधुभगिनींनो, देऊळ बांधून पूर्ण होते, पण त्याची निगा कधी पूर्ण होत नाही. दगडाचे काम पिढ्यान् पिढ्या टिकते. विजेच्या कामाचे तसे नसते. त्याला दर महिन्याला माणसाची नजर लागते. आज आपल्यात जो उत्साह आहे तो पाच वर्षांनीही राहावा, म्हणून हे सर्व तपशिलाने लिहून ठेवले. पुढे समितीवर नवी मंडळी येतील. त्यांच्या हाती नुसत्या किल्ल्या न देता नकाशा, वही आणि माहितीपत्रक द्यावे. दिवे कशासाठी लावले आणि पाच मिनिटांचा हिशेब कोणाच्या चालीवरून धरला, हेही त्यांना सांगावे.

ज्या वायरमन बंधूंनी माझे शंभर प्रश्न न कंटाळता ऐकले, ज्यांनी श्रमदानाने चर खणला, आणि ज्या दात्याने अर्थिंगचा खर्च नाव न लावण्याच्या अटीवर दिला, त्या सर्वांचे समितीच्या वतीने आभार मानतो.